बसीन म्हणजे वसई, हे कागदावर कसं सिद्ध करायचं?

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. प्रश्न घरातला आहे, पण त्याचं मूळ भाषेत आहे, म्हणून इथंच विचारते.

माझे आजोबा १९३१ साली वसईत जन्मले. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जन्मस्थान इंग्रजीत लिहिलं आहे 'बसीन'. आमच्या पिढीपर्यंत कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. इंग्रजांच्या काळात वसईला बसीन म्हणत, विषय संपला. आता माझी आतेबहीण परदेशात आहे. तिला काही कामासाठी आजोबांच्या जन्माचा पुरावा द्यावा लागला. तिथल्या कार्यालयानं दाखला घेतला आणि नोंद केली: 'बसीन, म्यानमार'. तिनं कळवलं की आमच्या घरातलं कुणीही ब्रह्मदेशात गेलेलं नाही. उत्तर आलं की आमच्या यादीत या नावाचं शहर म्यानमारमध्ये आहे, हे गाव दुसरं असेल तर लेखी पुरावा द्या.

आजोबा पुढे जहाजावर होते. त्यांची नळी (जहाजावरच्या नोकरीची वही) आमच्याकडे आहे, पण तिच्यातही नुसतं 'बसीन'च आहे.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वसईचं बसीन झालं कसं? आणि ही दोन नावं एकाच गावाची आहेत हे दाखवणारा कागद कोणता? दुसरा प्रश्न निकडीचा आहे, पण खरं सांगायचं तर पहिल्या प्रश्नानंच माझी झोप उडवली आहे. ज्या गावात सात पिढ्या राहिलो त्याच्या नावाचा प्रवास मला सांगता येऊ नये, याचं वाईट वाटलं.

मोडीवाचक:
ताई, चांगला धागा. मी सुरुवात मुळापासून करतो, कागदाचं बोलणारे लोक येतीलच.

वसई हे आधी सामान्यनाम आहे, विशेषनाम नंतर. संस्कृतात 'वसति' म्हणजे राहण्याची जागा. प्राकृतात त्याचं 'वसही' होतं. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या व्याकरणात हा बदल नोंदवला आहे. 'त'चा 'ह' होणारे मोजके शब्द त्यानं एकत्र दिले आहेत, त्यात भरतचं 'भरह' आहे आणि वसतिचं 'वसही' आहे. हा 'ह' पुढे गळला की 'वसई' उरते. म्हणजे कुणी राजानं ठेवलेलं किंवा कुणा माणसावरून पडलेलं हे नाव नाही. 'वस्ती' आणि 'वसई' या सख्ख्या बहिणी आहेत.

पुरावा हवा असेल तर अबूला देलवाड्याची जैन मंदिरं आठवा. १०३१ सालचं विमलशहाचं मंदिर 'विमल वसही' म्हणून ओळखलं जातं. कच्छात भद्रेश्वरच्या जैन तीर्थाला आजही वसई तीर्थ म्हणतात. कानडीतली 'बसदि' याच शब्दाची. दिल्लीत बसई दारापूर आहे. जिथं माणसं किंवा साधू वसले तिथं हा शब्द पडत गेला. आपल्या किनाऱ्यावर तो पडला आणि टिकला.

एक मात्र आवर्जून सांगतो. अनेक जण लिहितात की 'पूर्वीचं बसीन, आताचं वसई'. हे उलटं आहे. वसई आधीची, बसीन नंतरचं. वसई हे नाव कुणी बदलून आणलेलं नाही, ते इथल्या तोंडात कायमच होतं. बदलली ती पाटी.

सांडोरकर:
मोडीवाचक यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. आमच्या घरात आजी, पणजी, कुणाच्याही तोंडी मी बसीन ऐकलं नाही. तो शब्द फक्त कागदावर. शाळेचा दाखला, पोस्टाचा शिक्का, जमिनीचे जुने कागद. माणूस बोलताना वसईच म्हणायचा आणि सही करताना बसीनच्या खाली करायचा.

आणखी एक गंमत बाहेरच्यांना कळत नाही. सांडोर, पापडी, गास, निर्मळ, वाघोली, या गावांतले जुने लोक 'मी वसईला जाऊन येतो' म्हणायचे. म्हणजे किल्ल्याजवळच्या जुन्या गावात, बाजारात. मुंबईकरासाठी मात्र नायगावपासून पुढे सगळी वसई. आणि तालुका म्हटला की त्यात विरार, सोपारा, आगाशी सगळं आलं. एकाच नावाची ही तीन मापं आहेत. ताई, तुमच्या आजोबांच्या दाखल्यावर गावाचं नाव वेगळं दिलं आहे का ते पाहा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

म्हापशेकर:
गोव्याहून नमस्कार. वसई आणि बसीन यांच्यामधली पायरी आमच्याकडून जाते, म्हणून लिहितो.

पोर्तुगीज या गावाला 'बसाईं' म्हणत. शेवटचा ईकार नाकात. आता त्यांनी किनाऱ्यावरची इतर नावं कशी लिहिली ते एका ओळीत मांडून पाहा. मुंबईचं बोंबाईं. कोचीचं कोचीं. पणजीचं पांजीं. वसईचं बसाईं. आपल्या नावाच्या शेवटी 'ई' आली की पोर्तुगीज जीभ तिला नाकात नेत असे आणि लिहिताना शेवटी 'म' हे अक्षर लावत असे. त्या 'म'चा उच्चार पूर्ण म नसतो, तो आपल्या अनुस्वारासारखा असतो.

मग इंग्रज आले. त्यांनी ही नावं आपल्या तोंडून नाही, पोर्तुगीजांकडून घेतली. आणि त्या नाकातल्या शेवटाचं काय करायचं हे त्यांना दर गावी वेगळं सुचलं. कोचींचं कोचीन केलं, म्हणजे अनुस्वाराचा न झाला. बसाईंचं बसीन केलं, तिथंही न. पांजींचं पंजिम केलं, तिथं म वाचला. बोंबाईंचं बॉम्बे केलं, तिथं अनुस्वारच टाकून दिला. चार गावं, पोर्तुगीजांची एकच सवय, आणि इंग्रजीत तिचे तीन निकाल. मला ही ओळ पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी दिवसभर नकाशे काढून बसलो होतो.

तेव्हा ताई, 'बसीन'मधला जो 'न' आहे तो पोर्तुगीजांच्या नाकातून आलेला आहे. त्याचा मराठीशी संबंध नाही आणि ब्रह्मदेशाशी तर नाहीच.

अवांतर: जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचे काळे खांब आणि दारांवरचं नक्षीकाम यांचा दगड वसईहून आणला असं आमच्याकडे सांगतात. आमचा दगड जांभा, तांबडा आणि सच्छिद्र. काळा बसाल्ट हवा तर उत्तरेकडूनच आणावा लागणार. म्हणून 'बसाईंचा दगड' हा शब्द गोव्यात चर्चबांधणीच्या संदर्भात भेटतो.

भाषांतर_करणारी:
मी पत्रकारितेतली भाषांतरं करते. एक शंका दूर करून घ्यायची आहे. मुंबईच्या समुद्रातल्या 'साउथ बसीन' वायुक्षेत्राची बातमी आली की दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी 'दक्षिण खोऱ्यातील वायू' असं मराठी करून पाठवतं. भूगर्भशास्त्रात खोऱ्यासाठी जो इंग्रजी शब्द आहे तो ऐकायला जवळपास असाच. मला सुरुवातीला वाटायचं की वसईच्या बसीनचाही खाडी, गोदी किंवा खोऱ्याशी संबंध असेल. तसं नाही ना?

मोडीवाचक:
नाही. तो इंग्रजी शब्द वेगळा आणि त्याचं स्पेलिंगही वेगळं. ओएनजीसीनं त्या क्षेत्राला वसईचंच जुनं इंग्रजी नाव दिलं आहे. तिथून हाजिऱ्यापर्यंत समुद्राखालून नळ गेला आहे. म्हणजे तुमच्या बातमीत 'दक्षिण बसीन' असंच हवं आणि कंसात वसई लिहिलंत तर वाचकावर उपकार होतील. गावानं टाकलेलं नाव समुद्रात मात्र अजून नांदतं आहे.

खाडीकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हापशेकर, तुमची ती चार गावांची ओळ मी वहीत उतरवून घेतली.

पण एक अडलं. शेवटचा न कळला. सुरुवातीचा ब कुठून आला? पोर्तुगीजांच्या भाषेत व आहे की. वास्को नाव घेणाऱ्यांना वसई म्हणता येऊ नये?

बडोदेकर:
माझ्या नावातच तुमचं उत्तर आहे. गुजराती माणूस वडोदरा म्हणतो. आपण मराठीत बडोदे म्हणतो. इंग्रजांनी बरोडा केलं. १९७४ साली सरकारी नाव पुन्हा वडोदरा झालं. व आणि ब यांची ही अदलाबदल उत्तरेकडच्या बोलींतून येते. वंगचं बंगाल, विहारचं बिहार, वसंतचं बसंत, आणि वसतिची बस्ती.

आता प्रसंग पाहा. पोर्तुगीजांनी वसई मराठी किंवा कोळी माणसाकडून घेतलेली नाही. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्यात तह झाला आणि वसई त्यांना मिळाली. सुलतानाचा दरबार फारसी लिहिणारा. तिथल्या मुनशांच्या आणि दुभाष्यांच्या तोंडी 'बसई' असणं अगदी स्वाभाविक आहे. माझं मत असं की ब तिथून आला.

म्हापशेकर:
बडोदेकरांचा मुद्दा वजनदार आहे, पण मी अर्धाच मान्य करीन. पोर्तुगालच्या उत्तर भागातल्या लोकांच्या बोलीत आजही व आणि ब एकत्र होतात, वचा उच्चार ब होतो. इथं आलेले शिपाई आणि खलाशी काही सगळे लिस्बनचे नव्हते. शिवाय मुंबईच्या मचा ब करताना त्यांना फारसी मुनशाची गरज पडली नव्हती. त्यामुळे ऐकलेलंही बसई असेल आणि ऐकणाऱ्याचा कानही बकडे झुकलेला असेल.

मोडीवाचक:
दोघांचंही धरून चालू. मराठी बाजू इतकीच सांगतो की पेशवे दफ्तरातल्या पत्रांत हे गाव 'वसई'च आहे. चिमाजीअप्पांच्या मोहिमेच्या पत्रांत, १७३७ ते १७३९, बसाईं किंवा बसीन यांचा मागमूस नाही. पोर्तुगीजांच्या अमलाखालच्या त्या मुलखाला 'फिरंगाण' हा शब्द मात्र आहे. मुलूख फिरंग्यांचा म्हटला, गाव आपलंच म्हटलं. दोनशे वर्षं सत्ता परक्यांची असूनही नाव ढळलं नाही, याचा अर्थ आजूबाजूच्या गावांत ते रोजच्या बोलण्यात किती घट्ट होतं ते पाहा.

रुळांवरून:
उशिरा आलो, पण माझ्याकडे एक छोटा पुरावा आहे जो रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून जातो.

वसई रोड स्थानकाचा रेल्वेचा संकेत 'बीएसआर' आहे. आरक्षणाच्या तिकिटावर आणि वेळापत्रकात पाहा. वसईत बी कुठं आहे? तो 'बसीन रोड'चा आहे. पाटी बदलली, उद्घोषणा बदलली, संकेत तसाच राहिला.

'रोड' का, तेही सांगतो. आमच्या मार्गावर डहाणू रोड आहे, केळवे रोड आहे, उंबरगाव रोड आहे. रूळ गावातून न जाता लांबून गेले की स्थानकाला 'त्या गावाच्या रस्त्यावरचं' या अर्थानं रोड जोडत. वसई गाव आणि किल्ला स्थानकापासून काही किलोमीटर पश्चिमेला. स्थानक उभं राहिलं ते नवघर-माणिकपूरच्या हद्दीत. आता बहुतेकांना स्थानकाच्या आजूबाजूची गर्दी म्हणजेच वसई वाटते, आणि सांडोरकर म्हणतात त्या मूळ वसईला वेगळं ओळखण्यासाठी 'वसई गाव' म्हणावं लागतं. नाव स्थानकावर गेलं आणि गावाला शेपूट लागलं.

सांडोरकर:
हे अगदी खरं. रिक्षावाल्याला 'वसई' सांगून भागत नाही, 'वसई गाव' सांगावं लागतं. मला ते दर वेळी खटकतं.

इरावतीची_नात:
माझे पणजोबा रंगूनला भाताच्या व्यापारात होते, युद्धात पायी परत आले. त्यामुळे दुसऱ्या बसीनबद्दल घरात ऐकत आले आहे. ते इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात पश्चिमेकडच्या फाट्यावर आहे. आजचं नाव पथेइन. रंगीत छत्र्यांसाठी प्रसिद्ध. १९८९ साली तिथल्या सरकारनं इंग्रजी नावं बदलली तेव्हा बसीनचं पथेइन आणि रंगूनचं यांगोन झालं.

गंमत म्हणजे ब्रह्मी लिपीत ते 'पुसिम' असं लिहिलं जातं. पण ब्रह्मी माणूस सचा उच्चार थसारखा करतो, म्हणून तोंडी पथेइन. इंग्रजांनी त्याचं बसीन केलं. मला नेहमी वाटतं की त्यांच्या कानात आपलं बसीन आधीच बसलेलं होतं, नवं गाव त्यांनी जुन्या साच्यात घातलं. अर्थात हा माझा कयास.

पण ताई, तुमच्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. आजोबांचा जन्म १९३१ चा. म्हणजे त्या वर्षी दोन्ही बसीन एकाच सरकारच्या नकाशात होती! नुसतं 'बसीन, ब्रिटिश इंडिया' लिहिलेला कागद त्या वेळी दोघांपैकी कुठलाही असू शकतो. त्या अधिकाऱ्यानं चूक केली, पण ती समजण्यासारखी आहे. तुम्हाला 'ठाणे जिल्हा' किंवा 'बॉम्बे इलाखा' असा शब्द असलेला कागद लागेल.

वाशीमकर:
दोन बसीनवर थांबू नका, तिसरंही आहे, आणि ते माझं गाव.

यूल आणि बर्नेल या दोघांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश १८८६ साली निघाला. इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलण्यात शिरलेले शब्द त्यात आहेत. त्यात 'बसीन' या नोंदीची सुरुवातच अशी आहे की हा तीन अगदी वेगळ्या नावांचा अपभ्रंश आहे. पहिलं मुंबईच्या उत्तरेचं वसई, आणि पोर्तुगीज त्याला बसाईं म्हणत हेही तिथंच दिलं आहे. दुसरं इरावतीवरचं. तिसरं वऱ्हाडातलं वाशीम.

वाशीमचं मूळ वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. प्राकृतात वच्छोम, पुढे वाशीम, आणि इंग्रजी कागदावर बासिम. तेव्हा वसति, वत्सगुल्म आणि पुसिम, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, अशी तीन नावं एका परक्या स्पेलिंगमध्ये येऊन पडली. आमच्याकडेही जुन्या कागदांवर बासिम असतं. वऱ्हाडात बासिम नावाचा जिल्हाच होता, तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १९९८ साली वाशीम म्हणून पुन्हा स्वतंत्र झाला.

ताई, या कोशाची ती नोंद छापून घ्या. वसई आणि बसीन एकच, आणि ब्रह्मदेशातलं वेगळं, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत, तेही इंग्रजीत आणि इंग्रजांनीच लिहिलेल्या. परदेशी कार्यालयाला याहून सोयीचं काय असणार?

खाडीकाठची:
वाशीमकर, तुमचा प्रतिसाद वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. असं पान अस्तित्वात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. शोधते लगेच.

आणि सांडोरकर, दाखला पुन्हा नीट पाहिला. आजोबांच्या वडिलांच्या नावापुढे गाव आहे: पापडी. इंग्रजीत शेवटी वाय लावून. इतकी वर्षं ते आमच्या नजरेतून निसटलं होतं.

सांडोरकर:
मग काम झालं म्हणून समजा. इरावतीवर पापडी नाही! पापडीच्या चर्चमध्ये जा आणि धर्मगुरूंकडून एक पत्र घ्या: दाखल्यावरचं बसीन म्हणजे सध्याची वसई, जिल्हा पालघर, पूर्वीचा ठाणे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, हे पत्रात जरूर असू द्या. नाहीतर पुढचा अधिकारी ठाणे आणि पालघर यांच्यात अडकेल.

अजून एक. १९९८ साली मुंबईपासून वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा त्याचं नाव वसई धर्मप्रांत ठेवलं. लॅटिनमध्येसुद्धा 'वासाइएन्सिस' केलं आहे. सोळाव्या शतकापासूनचे पोर्तुगीज कागद हाताशी असताना बसाईं उचललं नाही. मला त्याचा फार आनंद झाला होता.

मोडीवाचक:
१८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियरही जोडा. चौदाव्या खंडात स्थळांची माहिती आहे, त्यात बसीन ठाणे जिल्ह्यात म्हणून आहे. सरकारी प्रकाशनाचं वजन वेगळं पडतं.

भाषांतर_करणारी:
मला एक व्यापक प्रश्न विचारायचा आहे. इतिहासावरचं मराठीत आणताना कुठलं नाव वापरायचं? ३१ डिसेंबर १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाचा आणि कंपनीचा तह मराठीत 'वसईचा तह'च आहे, तिथं प्रश्न नाही. हल्ली काही स्पर्धापरीक्षांच्या टिपणांत 'बसीनचा तह' दिसतो आणि मुलांना ते दोन वेगळे तह वाटतात. ते सरळ चूक आहे. पण १५३४ ते १७३९ या काळाबद्दल लिहिताना?

म्हापशेकर:
त्या काळासाठी मी 'बसाईं'च्या बाजूनं बोलेन. कोट बांधून आत जे शहर उभं केलं, चर्च, मठ, न्यायालय, फिदाल्गूंचे (पोर्तुगीज सरदारांचे) वाडे, ते त्यांच्या लेखी बसाईं होतं, उत्तर प्रांताची राजधानी. ते बांधलं मात्र इथल्याच माणसांनी. तटाच्या आतलं शहर आणि बाहेरची वसई या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकच नाव वापरलं तर तो भेद पुसला जातो.

सांडोरकर:
इथं मी असहमत आहे, आणि थोडा कळवळून असहमत आहे. तटाच्या आत पाणी भरणारे, दगड घडवणारे, भात पोचवणारे आमचेच लोक होते. त्यांच्यासाठी आतही वसई होती आणि बाहेरही वसई होती. संत गोन्सालो गार्सिया याच कोटाच्या छायेत जन्मले, साधारण १५५७ साली. आई इथलीच. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली संतपद मिळालं. युरोपीय कागदांत ते बसाईंचे म्हणून नोंदले आहेत. पण त्यांच्या आईनं मुलाला गावाचं नाव शिकवलं असेल तर ते वसई शिकवलं असेल. मराठीत लिहिताना त्या आईच्या बाजूनं लिहायला हवं.

म्हापशेकर:
सांडोरकर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पोर्तुगीज कागदाचं अवतरण देताना बसाईं, आणि आपल्या वाक्यात वसई. इतकं मान्य कराल?

सांडोरकर:
मान्य. अवतरणात त्यांचं त्यांना राहू द्या.

खाडीकाठची:
दोन महिन्यांनी परत आले आहे, क्षमस्व. कोशातलं पान, गॅझेटियरचं पान, पापडीच्या धर्मगुरूंचं पत्र आणि आजोबांची नळी, असं सगळं आतेबहिणीला पाठवलं होतं. काल तिचा फोन आला. नोंद दुरुस्त झाली. आता तिथं 'वसई (पूर्वीचं बसीन), भारत' असं आहे. मोठ्या आत्याला सांगितलं तर म्हणाली, 'बाबांचं गाव परत मिळालं.' तुमच्या सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

आता नवीन काम निघालं आहे. धर्मगुरूंनी शोधता शोधता पणजोबांच्या लग्नाची नोंद काढून दिली, पोर्तुगीजमध्ये. वराचं गाव 'पापडी, बसाईं' असं स्वच्छ वाचता येतं. वधूचं, म्हणजे माझ्या पणजीचं गाव 'अगसाईं' दिसतं. म्हापशेकर, हे तुमच्या गोव्यातलं आगशी का? घरात कुणी कधी गोव्याचं नातं बोललेलं नाही.

म्हापशेकर:
घाई करू नका. पोर्तुगीजांच्या कागदावर दोन अगसाईं आहेत. एक आमचं झुवारीकाठचं आगशी आणि एक तुमचं आगाशी, विरारच्या पलीकडचं. दोघांची ई त्यांनी सारखीच नाकात नेली. तशीच साष्टीही दोन आहेत, एक मडगावची, एक ठाणे-मुंबईची, आणि दोन्हींचं पोर्तुगीज स्पेलिंग एकच. नावावरून निकाल लागणार नाही. पुढे चर्चच्या संताचं नाव असेल ते वाचा. आमच्या आगशीचं चर्च सांव लोरेन्सूचं, म्हणजे संत लॉरेन्सचं. तुमच्या आगाशीचं संत याकोबाचं, ते सांतियागो किंवा 'सांव तियागो' असं लिहिलेलं असेल.

खाडीकाठची:
भिंग लावून पाहिलं. शाई फुटली आहे, पण टी आणि जी स्पष्ट आहेत. सांतियागो.

म्हणजे पणजी आगाशीची. पापडीहून बैलगाडीच्या वाटेवरची. उद्या सकाळी आगाशीच्या चर्चमध्ये जाते, तिच्या बाप्तिस्म्याची नोंद तिथं मिळेल.